पवळीनं गिळलेली आग

"दे, पवळे! दे!"

मी घसा फोडून ओरडलो आणि दोन्ही टाचा तिच्या मानेच्या मुळाशी दाबल्या. खाली कुसरवाडीचं भैरवाचं देऊळ सरसर मोठं होत होतं. आवारात टोपीकरांची धावपळ उडाली होती. कोणी बंदूक शोधत होता, कोणी टोपी. पवळीच्या छातीत गुरगुर सुरू झाली, माझ्या मांड्यांखाली तिचं अंग तापलं, तिनं जबडा उघडला आणि मी सवयीनं डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही.

डोळे उघडले तर आम्ही देवळावरून पुढे निघून आलो होतो आणि तिच्या गळ्यातून एक भला मोठा गोळा खाली सरकत होता. तिनं आग गिळली होती. मी तिला दोन शिव्या हासडल्या, वळवलं आणि पुन्हा देवळावर घातलं. पुन्हा तेच. जबडा उघडला, नाकपुड्या फेंदारल्या आणि घोट गिळून जबडा मिटला. या वेळी खालून गोळ्या आल्या. एक तिच्या पंखातून आरपार गेली. मग मात्र मी गडाची वाट धरली. वळता वळता पवळीनं एक आवाज काढला, घशातल्या घशात, हलका, गाय वासराला बोलावते तसा.

तो आवाज मी ओळखला.

व्याळ पाहिलेली माणसं आता फारशी उरली नाहीत, म्हणून थोडं सांगतो. आताची पोरं देवळाच्या खांबावर कोरलेला व्याळ बघतात आणि मलाच म्हणतात, आजोबा, थापा मारू नका. थापा कसल्या! आमचं घराणंच घारटोक गडावरच्या व्याळमाहुतांचं. हत्तीला जसा माहूत, तसे आम्ही व्याळाला. पवळी आमच्या आजोबांच्या हातावर अंड्यातून बाहेर आली. पोवळ्याच्या रंगाची म्हणून पवळी. दोन हत्ती एकामागे एक उभे केले तरी तिच्या शेपटापर्यंत पोचले नसते, पण नाव गाईचं आणि स्वभावही बराचसा गाईचाच. शत्रूला अर्थातच तसं वाटत नसे.

आमच्या घरात मूल जन्मलं की बारशाला पाळण्यात घालण्याआधी पवळीपुढे ठेवायचे. ती त्याला हुंगायची, खरखरीत जिभेनं एकदा चाटायची, मूल बोंब ठोकायचं, आणि मग बायका पाळणा म्हणायच्या. याला आम्ही 'वास लावणं' म्हणत असू. एकदा वास लागला की ते माणूस पवळीच्या लेखी घरचं. घरचं माणूस जिथे असेल तिथे ती आग टाकत नसे, मग टाचा मारा नाहीतर भाला टोचा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणाला मोडताही येत नव्हतं. आणि तो हलका हुंकार ती फक्त घरच्या माणसासाठी काढायची.

त्या वेळी घरचं म्हणजे तिघंच. आई कधीच गेली होती. वडील, म्हणजे आबा, गडावर होते. मी पवळीच्या पाठीवर होतो. राहिली माझी थोरली बहीण, सगुणाक्का.

आक्का कुसरवाडीलाच दिली होती. नवरा दूरच्या मोहिमेवर. टोपीकर घाट चढून आले आणि त्यांनी वाडी घेतली, तेव्हा लोक रानोमाळ पळाले. आक्का सासूसासऱ्यांबरोबर घाटापलीकडे गेली असं कोणीतरी म्हणालं, आणि आम्ही ते धरून बसलो होतो. पवळीनं आग गिळली ती आमच्यासाठी आक्काची पहिली खबर.

आबा व्याळखान्याच्या दारात उभे होते. डोळ्यांत फूल पडलेलं, दिसायचं जेमतेम, पण पंखांच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं.

"जड उतरली," ते म्हणाले. "आग पोटातच हाय तिच्या. काय झालं?"

"गिळली."

"बिचकली?"

"न्हाई आबा. हुंकारली."

पवळीच्या नाकावर ठेवलेला आबांचा हात तसाच राहिला. "तू हितं," ते हळूच म्हणाले. "मी हितं." मग खालीच बसले. "सिदू, पोर जित्ती हाय रं माझी!"

आधी आम्ही दोघंही आनंदानंच रडलो. हे खरं आहे आणि मला ते आवर्जून सांगायचं आहे. आनंद नासायला नंतर फार वेळ लागला नाही.

कारण देवळात टोपीकरांनी तोफांची दारू भरली होती. दगडी भिंती, वर दगडी छत, दारूला याहून कोरडी जागा त्या खोऱ्यात नव्हती. त्यांच्या मोठ्या तोफा घाटात होत्या, बैल जुंपून वर ओढणं चाललं होतं. त्या पोचल्या की आमचा तट टिकणार नव्हता, आणि तटाआड आसपासच्या गावांतली पळून आलेली सगळी बायकापोरं होती. तोफांना हात लावणं शक्य नव्हतं, ठिकठिकाणी पहारे होते. दारू मात्र एका ठिकाणी होती आणि तिला एक ठिणगी पुरली असती.

सुभानराव किल्लेदार धापा टाकतच आले. अंगानं जाड, जिभेनं तिखट, पण मनानं वाईट नव्हे. त्यांचा थोरला मुलगा याच लढाईत पडला होता आणि त्याचं नावही ते तोंडातून काढत नसत.

"रायाजी," ते आबांना म्हणाले, "तुझी म्हातारी आता देऊळ बघून हात जोडाय लागली का काय?"

आबांनी सगळं सांगून टाकलं. लपवलं असतं तर पवळी निकामी ठरली असती, आणि निकामी व्याळ शत्रूच्या हाती लागू द्यायचा नाही, त्याला गडावरच संपवायचं, असा दंडक होता. सुभानराव ऐकता ऐकता दगडावर बसले. पागोटं काढून मांडीवर घेतलं.

"सगुणा म्हंजे ती खरजेची न्हवं?" त्यांनी विचारलं.

"तीच," आबा म्हणाले आणि एवढ्यातही किंचित हसले.

ती गोष्ट गडावर सगळ्यांना तोंडपाठ होती. आक्का लहान असताना तिला खरूज झाली. आईनं तिला डोक्यापासून पायापर्यंत करंजेल फासलं, करंजाच्या बियांचं तेल, वासानं नाक फाटेल असं. पोरगी तशीच तेलानं चपचपलेली व्याळखान्यात शिरली आणि पवळीच्या गळ्यात पडायला धावली. पवळीनं ओळखलंच नाही. छाती गुरगुरायला लागली. आबांनी झडप घालून पोरीला उचललं म्हणून वाचली, नाहीतर जागच्या जागी कोळसा झाला असता. वाचल्यावर रडायचं सोडून आक्का फणकारली होती, "पवळे, आंधळी झालीस का?" पुढे किती वर्षं आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. तेव्हापासून व्याळखान्यात करंजेलाचा दिवासुद्धा लावायची बंदी होती.

सुभानराव हसले नाहीत. "करंजेल तोफखान्यात हाय थोडं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "गाड्यांच्या आसांस्नी घालायला ठिवलंय."

आबा सरकून पवळीच्या तोंडापुढे उभे राहिले.

"पवळीच्या नाकाला फासा. कुणाचाच वास येणार न्हाई तिला."

"राव," आबा म्हणाले, "लेक हाय ती माझी."

"माझाबी ल्योक हुता." सुभानरावांचा आवाज फाटला. "रायाजी, तुला दिसत न्हाई, पर ऐकू तर येतंय. ऐक जरा, किती पोरं रडत्याती तटाखाली. त्यांस्नी काय सांगू मी? रायाजीची सगुणा आत हुती म्हणून तुमी मरा?"

"राव, मी जातो खाली," मी म्हणालो. "आणतो तिला."

"काल दोघं गेले. त्यांची मुंडकी नदीच्या उतारावर टांगल्याती. तूबी जा, मग पवळीवर कोण बसंल? तुझा आंधळा बाप?" ते उठले. दारापर्यंत गेले आणि मागे न बघता म्हणाले, "परवा सकाळी. धुकं उठलं की."

परवा, कारण गिळलेली आग पोटात विझते. पुन्हा धरायला मधे एक दिवस जातो. चुनखडी आणि चरबी चारत बसावं लागतं. आणि सकाळी, कारण भरल्या पोटानं पवळीला वर उचलायला दरीतून चढणारा वारा लागतो, तो धुकं उठतानाच सुटतो. व्याळखान्यात वाढलेल्या कोणालाही हे ठाऊक असतं.

मधला दिवस आम्ही दोघांनी पवळीला चारण्यात काढला. आबा फारसं बोलले नाहीत. एकदा मधेच म्हणाले, "लुगड्याचा पदर धरून पवळीच्या पोटाखाली निजायची रं सगुणा. आई हाका मारमारून दमायची." मला आठवत होतं ते वेगळंच. मी पवळीवर बसायला शिकलो तेव्हा भीती झाकायला मोठमोठ्यानं ओरडायचो, आणि खाली उभी राहून आक्का म्हणायची, "सिद्या, ती बहिरी न्हाई! मिरच्या इकतूस का बाजारात?" लग्न होऊन गेली तरी भेटल्यावर पहिला प्रश्न हाच, "काय रं, मिरच्या खपल्या का?"

ठरलेल्या सकाळी तोफखान्यातून करंजेलाची वाटी आली. ती आणणारा लगेच मागे फिरला. कोणाला आमच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. मी वाटी हातात घेतली. पवळीनं लांबूनच मान वळवली आणि शिंकली. मी बोट बुडवलं. बोटावरून तेल ओघळून मनगटापर्यंत आलं.

माझ्यानं झालं नाही. तटाखालची पोरं मला दिसत होती, सुभानरावांचं बोलणं खोटं नव्हतं, पण ज्या जनावरानं स्वतःच्या मनानं माझ्या बहिणीला वाचवलं त्याचं नाक बुजवून त्याच्याकडूनच तिला जाळून घ्यायचं, हे मला जमणारं नव्हतं. जन्मात जमलं नसतं. आक्का तिथे असेल तर पवळी पुन्हा गिळेल, आणि मग जे व्हायचं ते सगळ्यांचं होईल. मी वाटी चुनखडीच्या ढिगामागे सरकवली आणि हात राखेनं घासून घासून धुतले.

आबा चाचपडत आले. पवळीच्या तोंडावरून हात फिरवत नाकपुड्यांपाशी थांबले. बोटं नाकाला लागली आणि कोरडीच राहिली.

"वाऱ्यानं वाळलं असंल," आबा म्हणाले. मग धोतराच्या सोग्यानं उगाचच तिचं नाक पुसलं. "जा, बाळा."

धुकं उठलं. दरीतला वारा पवळीच्या पंखांत भरला आणि आम्ही तटावरून खाली झेपावलो. कुसरवाडीची शेतं, नदी, नदीवरची बाभळीची रांग, आणि मग देऊळ. माझ्या तोंडून 'दे' निघेना. टाचा मी नुसत्या टेकवल्या असतील. मनातल्या मनात मी उलटंच म्हणत होतो, गीळ पवळे, गीळ.

पवळीनं जबडा उघडला, नाकपुड्या फेंदारल्या, आणि दिली.

अशी आग तिनं आयुष्यात टाकली नव्हती. देवळाच्या दारातून ती सरळ आत गेली. एक क्षणभर काहीच झालं नाही, मग दगडी छत आख्खंच्या आख्खं वर उठलेलं मी पाहिलं. आवाज नंतर आला. धक्क्यानं आम्ही नदीपर्यंत फेकलो गेलो, पवळीनं कसेबसे पंख सावरले, आणि तेव्हा मला कळलं की काय झालं आहे. नाक कोरडं होतं. नाक कोरडं होतं आणि तरी पवळीनं आग टाकली होती!

"सुटली!" मी ओरडलो. "आक्का सुटली! पवळे, आपली आक्का सुटली गं!"

नदीवर दोन घिरट्या घातल्या मी त्या आनंदात. कानठळ्या बसल्या होत्या, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नव्हता, म्हणून आणखीच ओरडत होतो. खाली टोपीकर बैल सोडून, तोफा सोडून घाटाकडे पळत होते. मला त्यांच्याकडे बघायलाही सवड नव्हती.

गडावर उतरलो तर आबा जमिनीवर डोकं टेकून बसलेले. मी त्यांना गदागदा हलवलं.

"आबा, तेल लावलं न्हवतं!"

"ठावं हाय मला."

"लावलं न्हवतं आन् तरी तिनं दिली! कळतंय का? आक्का न्हवती तिथं! सुटलीया ती!"

आबांचं तोंड बघण्यासारखं झालं. आधी उघडं, मग हसरं, मग रडवेलं. ते उठले आणि गुळाची ढेप शोधायला लागले, ती समोर असून सापडेना. तेवढ्यात सुभानराव आले. डोक्यावर पागोटं नव्हतं. त्यांच्या मते आबांची लेक त्यांच्या हुकमानं जळाली होती. आबांनी त्यांच्या हातात गुळाचा खडा कोंबला.

"खा राव. लेक वाचली माझी."

मी सगळं सांगितलं. सुभानरावांनी ऐकलं आणि माझ्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली. "हुकूम मोडतूस? तोफेच्या तोंडी द्याया पायजे तुला!" आणि मग मला असं छातीशी धरलं की माझ्या बरगड्या वाजल्या. किती दिवसांनी त्या माणसाला रडताना पाहिलं. मला वाटतं, त्यांच्या मुलासाठी ते तेव्हा पहिल्यांदा रडले.

दुपार झाली. आबा दर थोड्या वेळानं विचारत, "आली का रं वर कुणी?" आक्काला चढायला किती वेळ लागेल याचा हिशेब त्यांनी चार वेळा मांडला. नाचणीची भाकरी तिला आवडते म्हणून पीठ मागवून ठेवलं.

वाडीच्या बायका वर आल्याचं कळलं तेव्हा मी पवळीच्या पंखातलं भोक शिवत होतो. दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं, आणि आधी वास आला. करंजेलाचा. मला वाटलं, ढिगामागची वाटी लवंडली. वळून बघितलं. वाटी जिथल्या तिथे होती. पवळी मान आखडून दाराकडे बघत गुरगुरायला लागली होती.

दारात एक बाई होती. कडेवर पोर, पायात काटे भरलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत तेलकट.

"रायाजीबाबांचं घर ह्येच न्हवं?" ती म्हणाली. "मी राही. कुसरवाडीची तेलीण. सगुणानं धाडलंय."

"ये, ये बाय!" आबा हात पुढे करून उठले. "कुठं हाय ती? मागनं येतीया?"

राही माझ्याकडे बघायला लागली. मी पवळीच्या नाकासमोर उभा राहिलो आणि तिला म्हणालो, "तिथंच थांब. तिथनंच बोल." माझ्या आवाजाला काय झालं होतं कोण जाणे, पोर रडायला लागलं.

"आम्हा सा बायकांस्नी धरलं हुतं टोपीकरांनी," राही पोराला थोपटत सांगू लागली. "दळायला, रांधायला. सकाळच्याला नदीवर पाण्याला सोडायचे, पर एकीला देवळात ठिवून घ्यायचे. बाकीच्या पळाल्या तर हिला मारू म्हणायचे. रोज एकीची पाळी. परवा तुमचा व्याळ आला तवा सगुणाची हुती. आमी नदीवरनं बघितलं. दोनदा आला आन् तसाच ग्येला. आमी म्हटलं, देव पावला. सगुणा काय बोलली न्हाई. दिसभर गप बसून हुती."

"मग?" आबा म्हणाले.

"आज पाळी माझी हुती, बाबा." राहीनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "पहाटंच उठवलं तिनं मला. म्हणाली, राही, मला खरूज उठलीया, अंगाची आग हुतीया, नदीवर येत न्हाई. तू पोराला घिऊन जा, मी बसते तुझ्या जागी. मी म्हटलं, अगं तुझी तर परवाच झाली. तर म्हणाली, एकदा सांगितल्यालं ऐकावं बायांनी. आन् करंजेल माग म्हणाली शिपायाकडं. माझ्या घाण्यावरचं समदं तेल त्यांनी गाड्यांसाठी आणून देवळातच ठिवलं हुतं. मी घागर आणली. तिनं क्येस सोडलं आन् घागर डोक्यावर वतून घेतली. मी पाठीला चोळलं. ह्या हातांनी. लुगडं भिजवलं. राहिल्यालं ओवरीभर शिपडलं, भिंतीला पुसलं. मी म्हटलं, अगं किती नासतीस! तर हसली. म्हणाली, इतकं लागतंच. ल्हानपणापास्नं ठावं हाय मला."

आबा उभेच होते. हात अजून पुढे होते.

"तिनं सांगितलं हुतं, आवाज झाला का मागं बघू नका, गडाची वाट धरा. आमाला कळलंच न्हाई बाबा. आगीचा लोळ उठला आन् मग..." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमी वरनं वरडत हुता. आक्का सुटली म्हणून. आमाला वाटलं, तुमाला ठावं आसंल. आमाला वाटलं, तुमीच कायतरी करून काढली तिला."

एवढंच आठवतं की पवळीचं डोकं मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं आणि ती माझ्या बगलेत नाक खुपसून शांत होत होती.

राहीनं कमरेला खोचलेली एक पुरचुंडी काढली. केळीच्या पानात घट्ट गुंडाळलेली, वर चिंधी बांधलेली. "तेल लावायच्या आधी पदर फाडला तिनं. म्हणाली, ह्याला तेलाचा हात लावू नगंस. आबांस्नी दे." मग आठवून म्हणाली, "आन् सांगितलंय, पवळीला बोल लावू नका. तिला कायबी ठावं न्हाई."

आबांनी पुरचुंडी घेतली. सोडली नाही. ती छातीशी धरूनच ते राहीला म्हणाले, "बाय, पोराला भूक लागली असंल. नाचणीचं पीठ हाय आत. भाकरी करून घाल त्याला."

टोपीकर त्या दिवशी घाट उतरले ते पुन्हा कधी वर चढले नाहीत. आता बंदरावर ते गलबतांतून मिरी विकत घ्यायला येतात आणि जकातीच्या चौकीपुढे टोपी काढून उभे राहतात. बखरीत कुसरवाडीची लढाई दोन ओळींत आटोपली आहे. त्यात पवळीचं नाव आहे, माझंही आहे. किल्लेदारांनी लिहून घेताना तिसरं नाव सांगितलं होतं, पण आबांनी घालू दिलं नाही. बखरी चव्हाट्यावर वाचतात, पवळीला माणसांचं बोलणं कळतं, असं त्यांचं म्हणणं. म्हाताऱ्याचं खूळ म्हणून सुभानरावांनी ते ऐकलं.

मी आणि आबा खाली जाऊन आलो. पवळीला नेलं नाही. त्यानंतर कुसरवाडीच्या बाजूला मी तिला कधी उडवलंच नाही. तिनं मान तिकडे वळवली की मी दुसरीकडे वळवायचो. ती कुरकुरायची, पण ऐकायची.

पदराचा तो तुकडा आबांनी व्याळखान्याच्या आढ्याला बांधला, पवळीच्या डोक्यावर. पहिल्या दिवशी बांधला तेव्हा पवळीनं नाक वर केलं, हुंकारली, आणि दाराकडे बघत राहिली. आक्का माहेरी यायची तेव्हा अशीच बघायची. दिवे लागले तरी बघतच होती.

दहावं-बारावं करायला भटजी आले तेव्हा आबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "पवळी अजून वळखतीया तिला," म्हणाले. "आमच्या घरात ती गेल्याली न्हाई." भाऊबंद बोलले, गावानं नावं ठेवली. आबा ऐकून घेत आणि काठी टेकत व्याळखान्यात जाऊन बसत. रोज सकाळी मी पवळीला वैरण, चुनखडी घालायचो, ती आधी मान उंच करून पदर हुंगायची, हुंकारायची, दाराकडे बघायची आणि मगच खायला तोंड घालायची. पावसाळे गेले. राहीचं पोर मोठं झालं, गडावरच वाढलं. मला वाटायला लागलं होतं, हे असंच चालणार.

एका सकाळी पवळीनं मान उंच केली, पदर हुंगला. पुन्हा हुंगला. नाकानं जरा ढोसला. मग मान खाली घातली आणि मुकाट्यानं खायला लागली.

आबा कोपऱ्यात बसले होते. हुंकार आला नाही हे त्यांना कळलं. मी त्यांच्याकडे गेलो तर ते उठायच्या खटपटीत होते.

"पाणी तापव, सिदू," ते म्हणाले. "अंघोळी करायला पायजेत. सगुणा गेली."